पोळ्याच्या दिवशी आलेलं दूध

पोळा जवळ आला की बाजारात झुली, बाशिंगं, घुंगरमाळा दिसू लागतात आणि लोकांना बैल आठवतात. मला मात्र आजही दुधाचे कॅन आठवतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एखादी केस सांगा म्हटलं की मी लोण्याची सांगतो. ऐकणारा आधी हसतो. हसू द्यावं, पुढं तो आपोआप गप्प होतो.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. माणसांची नावं सांगणार नाही, गावाचंही नाही. सिंदी रेल्वेपासून आतल्या अंगाला टेकडीच्या पायथ्याशी असलेलं ते गाव, एवढं पुरे. टेकडीवर चराई चांगली, घरोघरी गवळाऊ गाई आणि दोन-चार म्हशी. त्या गावच्या दुधाला फॅट चांगलं लागतं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

एक दिवस सकाळी हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात हायवेवरच्या डेअरी प्लांटचे मॅनेजर आत आले. गृहस्थ पुण्याकडचे, बोलणं इस्त्री केलेल्या शर्टासारखं. त्यांचा लोण्याचा एक लॉट नागपूरच्या व्यापाऱ्यानं परत पाठवला होता. लोण्यात दुधाची सोडून दुसरी चरबी आहे, असा तपासणीचा निष्कर्ष होता. कोणती, ते अजून कळलं नव्हतं. वनस्पती तूप असेल, तेल असेल, जनावराची चरबीही असेल. त्यांनी फसवणूक आणि भेसळीची फिर्याद आणली होती आणि संशयित म्हणून त्या गावच्या दूध केंद्राच्या सचिवबाईंचं नाव लिहून आणलं होतं.

"बाईच कशावरून?" मी विचारलं.

"आमच्या क्वालिटीच्या मॅडमनी शोधून काढलंय," ते म्हणाले.

ज्या वस्तूचा गुन्हा, ती वस्तू बनते कशी हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढं सरकत नसे. हवालदाराला घेऊन प्लांटवर गेलो. क्वालिटीच्या मॅडम तिशीच्या, डोक्यावर टोपी, पायात पांढरे गमबूट. त्यांनी आम्हालाही टोप्या घालायला लावल्या. आमचे हवालदार पोलिसी टोपी काढायला तयार होईनात, तेव्हा मॅडमनी तिच्यावरूनच जाळीची टोपी चढवली.

कामाला त्या पक्क्या होत्या. दूध उतरवतात त्या फलाटावर प्रत्येक कॅनचं झाकण उघडून आधी वास घ्यायचा, मग नमुना काढायचा, मग दूध आत. पुढं मशीन साय वेगळी काढते. ती साय तापवायची, थंड करून मुरवायची, मग मोठ्या पोलादी पिंपात घुसळायची. दाणे धरले की ताक काढून टाकायचं, लोणी गार पाण्यानं धुवायचं, मीठ घालून मळायचं आणि पॅक करायचं. आपली आजी रवीनं जे करायची तेच, फक्त इथं प्रत्येक पायरीवर एक नमुन्याची बाटली.

"मग फलाटावरच कसं नाही कळलं?" मी विचारलं.

"साहेब, फलाटावरचं मशीन चरबी किती आहे ते सांगतं. कुणाची आहे ते नाही सांगत," त्या म्हणाल्या. "लोणी बनल्यावर वेगळी टेस्ट करतो, तेव्हा कळतं. मग मी उलटी मागं गेले. लोण्यावरून साय, सायीवरून टँक, टँकवरून गाडीची लाइन. त्या लाइनवरच्या प्रत्येक गावाचे कॅन वेगळे ठेवून तपासले. बाकीची गावं पास. हे एकच फेल."

माग काढायची ही पद्धत मला फार आवडली. आमच्या खात्यात अशा बाईची भरती व्हायला हवी होती, असं मी तोंडावर बोलूनही दाखवलं. पण एक गोष्ट मनात राहिली. मॅडमचा माग गावापर्यंत पोचला होता, बाईपर्यंत नाही. केंद्र आणि प्लांट यांच्या मध्ये एक गाडी होती आणि तिचा कुणी विचारच करत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "सचिवबाईच्या घरी तेलाचे पिपे हायेत. सोयाबीनचं तेल दुधात टाकून राह्यली ते. जाऊन पाहा." एवढं बोलून फोन बंद. ठाणे अंमलदारानं डायरीला नोंद घेतली आणि खूश होऊन माझ्याकडं आला. मी खूश झालो नाही. प्रयोगशाळेनं अजून तेलाचं नाव घेतलं नव्हतं. प्लांटला जे ठाऊक नव्हतं ते या फोनवाल्याला ठाऊक होतं, आणि तेही तेलाच्या जातीसकट. नंबर तपासला तर सिम बंद.

तरी खबर आली म्हणजे जावंच लागतं. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन बाईंच्या घरी गेलो. बाई चाळिशीच्या, उंच, नऊवारी नाही पण पदर डोक्यावर, आवाज खणखणीत. नवऱ्याचं शेत, भाजीपाला आणि वर हे केंद्र. घरझडतीत स्वयंपाकघरात सोयाबीन तेलाचा एक पिपा सापडला, अर्धा रिकामा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"तळाले," बाई म्हणाल्या. "पोळा आठ दिवसांवर आला, साहेब. तुमच्या घरी करंज्या पाण्यात तळतात काय?"

पंचांपैकी एक हसला. मी त्याच्याकडं बघितलं, मग तो हसायचा थांबला. पिपा जप्त केला, पंचनामा झाला. तोवर अंगणात, कुंपणावर, समोरच्या ओट्यावर सारं गाव जमलं होतं. मी जबाब घ्यायला बसलो तर बाई उठून उभ्या राहिल्या. "इथं सारे कान देऊन राह्यले. मले इथं बोलाचं नाई. ठाण्यात चला."

बाईमाणसाचा जबाब घरीच घ्यायचा असतो, हे मी त्यांना सांगितलं. पण त्या ऐकेनात. त्या स्वतःहून जीपमध्ये महिला शिपायाशेजारी जाऊन बसल्या. त्या स्वतःहून बसल्या हे कुणीच ध्यानात ठेवलं नाही. गावानं पाहिलं ते एवढंच की, पोलीस आले, तेल निघालं आणि बाईला घेऊन गेले.

ठाण्यात चहा मागवला. बाईंनी कप हातात घेतला, आत बघितलं आणि खाली ठेवला. "हे दूध कोण देते तुमाले? याले आधी आत टाका."

मी खूप जणांचे जबाब घेतले आहेत. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे प्रश्न पुन्हा विचारायला लावतो, तेवढ्यात त्याला उत्तर जुळवता येतं. या बाई माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होत्या. दूध घेताना आधी नमुना काढते, मशीनवर फॅट बघते, मग कॅनमध्ये ओतते. संध्याकाळी गाडी येते, एकदाच. झाकण लावून कॅन गाडीवाल्याच्या हवाली.

"झाकणाला सील असतं का?"

"नाई. पहिलेपासूनच नाई."

"गावात तुमचं कुणाशी वाकडं?"

"मोठ्या जावेशी. तिच्या म्हशीले इंजेक्शनं चालू होती. दवाई चालू असलेल्या जनावराचं दूध मी घेत नाई. परत धाडलं. तवापासून ते माया संग बोलत नाई." मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "साहेब, माया दुधात पाणी निघालं असतं त मी मान खाली घालून घरी बसली असती. कोणाच्या हातून बी होते. पण तेल काऊन निघन? गाव मायं, गाई माया, लोकं मायी. तेल टाकून मी कोणाले फसवू, सांगा न."

एवढं माझी खातरी पटवायला पुरेसं होतं, पण खातरी म्हणजे पुरावा नव्हे. संध्याकाळी महिला शिपायासोबत त्यांना घरी पोचवलं. जीप गावात शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर पुन्हा आले. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. वनस्पती तेल. "आता अटक करा, साहेब. आम्ही केंद्र बंद करतो." वरिष्ठांचाही फोन आला होता, की मोठा प्लांट आहे, प्रकरण लांबवू नका. मी मॅनेजरना म्हटलं, दूध बंद केलंत तर चोरी थांबेल, चोर मिळणार नाही. पोळ्यापर्यंत त्या गावचे कॅन घ्या, वेगळे ठेवा, तपासा. ते कष्टानं तयार झाले. पण एक अट घातली. पोळ्याच्या दिवशीही कॅन फेलच निघाला तर केंद्राला कुलूप आणि बाईंवर कारवाई. वरिष्ठांनीही तेच मान्य केलं. म्हणजे माझ्या हातात काय ते सहा-सात दिवस.

त्या दिवसांत गाडीवाल्याची माहिती काढली. हिंगणघाटचा माणूस, स्वतःची पिकअप, मागच्या पोळ्यानंतर जुन्या गाडीवाल्याला हटवून ही लाइन मिळवलेली. दारू नाही, जुगार नाही, सगळ्यांशी गोड. ठाण्यात बोलावलं तर न विचारता बाईंबद्दल हळहळ व्यक्त करून गेला. "बाई चांगली होती हो, साहेब. लालच बुरी बला." मला जास्त गोड माणसाचं भय वाटतं. पण गोड बोलणं हा काही दखलपात्र गुन्हा नाही.

मग पोळा आला. बंदोबस्त वाटताना मी मुद्दाम त्या गावचा बंदोबस्त स्वतःकडं घेतला. दुपारपासून तिथं होतो. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, बैल सजून रांगेत उभे होते आणि झडत्या सुरू झाल्या होत्या. आमच्याकडं पोळ्यात तोरणाखाली उभं राहून यमक जुळवून एकमेकांच्या खोड्या काढतात, त्या झडत्या. सरपंचावर झाली, तलाठ्यावर झाली, माझ्या पोटावरही एक झाली. मग मागून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हटलं:

"केंद्रावरल्या बाईनं केला मोठा खेळ,
गाईच्या आचळातून काढलं सोयाबीनचं तेल!"

सारा पोळा हसला. बायकांच्या घोळक्यात सचिवबाई उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत, फक्त पदर थोडा पुढं ओढला. त्यांची मोठी जाऊ त्यांच्याच शेजारी उभी होती आणि तीही हसत होती. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत शिव्या खाणारी, मार खाणारी माणसं पाहिली, पण हसण्याखाली उभं राहणं वेगळं.

पोळा फुटला, बैल घरोघर पूजेला निघाले. मी बाईंच्या अंगणात गेलो. त्यांनी न विचारता चहा ठेवला. दाट, पिवळसर, वर साय. अंगणात एक वासरू मोकळं सुटलेलं होतं आणि गाईच्या कासेला लागून पोट फुटेस्तोवर पीत होतं. कुणी त्याला ओढत नव्हतं.

"वासरू बांधत नाही?" मी सहज विचारलं. "गाडी यायची वेळ झाली ना?"

"आज गाडीचं काय काम?" बाई म्हणाल्या. "पोळ्याले आमच्या गावचं दूध वेशीबाहेर जात नाई. बैलाचा सण हाये. त्याच्या मायचं दूध आज त्याच्या भावाले. पोट भरून उरलं त घरी खीर. केंद्राले कालच कुलूप लावलं."

"सगळं गाव?"

"सारं गाव. आजूबाजूचे देतात, आमी नाई देत. पहिलेपासूनच तसं हाये. जुन्या गाडीवाल्याले मालूम होतं, तो येतच नव्हता."

मी चहा संपवला आणि दुसरा मागून घेतला.

पाडव्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅनेजरांचा फोन आला. आवाजात विजय होता. "झालं, साहेब. कालच्या कॅनमध्येही तेल. आता तरी ताब्यात घ्या बाईला."

"कालच्या?"

"कालच्याच. संध्याकाळच्या गाडीनं आलेले. मी स्वतः फलाटावर उभा होतो. मॅडमनी माझ्यासमोर नमुना काढला."

"हे जबाबात सांगाल?"

"एका पायावर," ते म्हणाले. मी त्यांना दोन्ही पायांवर यायला सांगितलं, मॅडमना आणि नमुन्यांना घेऊन. मग गाडीवाल्याला बोलावून आणलं.

चौकशीत माझी एक रीत होती. जो खोटं बोलतो आहे त्याला अडवायचं नाही, उलट त्याला खुर्ची द्यायची. गाडीवाल्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काल सणाचं काम केलंस. गाडी आणलीस का वेळेवर?"

"हो, साहेब. सण असो का काही असो, दूध कुठं थांबते?"

"त्या गावातही गेला होतास?"

"गेलतो न. बाईनंच कॅन भरून देले."

"काही घाबरलेली वाटली?"

तो विचारात पडल्यासारखं करून म्हणाला, "थोडीशी. पण काम करून राह्यली होती. लाइन लागली होती दुधाची. पोळ्याच्या दिवशी बी लोकं दूध सोडत नाईत."

"कॅन तुझ्यासमोर बंद केले?"

"माया समोर. मीच उचलले."

हवालदारानं हे सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यानं सही केली. मग मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काल दुपारपासून रात्रीपर्यंत मी त्या गावात होतो. केंद्राला कुलूप होतं. साऱ्या गावात दुधाचा थेंब मोजला गेला नाही. पोळ्याला ते गाव दूध विकत नाही. मग हे दूध कोणत्या गाईचं?"

त्यानं पुन्हा पाणी मागितलं. सुटणारा माणूस पाणी मागत नाही, हा माझा अनुभव आहे.

सगळं बाहेर आलं. हायवेला लागण्याआधी त्याच्या मेहुण्याचं शेड होतं. त्या गावचं दाट दूध तिथं उतरवायचं, मशीननं साय काढायची, ती मिठाईवाल्याला विकायची. उरलेल्या दुधात तेल घोटून फॅट भरून काढायचं आणि प्लांटला द्यायचं. गावाच्या नंबरचे जास्तीचे कॅन त्यानं रंगवून ठेवले होते, आदल्या दिवसाच्या दुधाचा तयार माल त्यांत आधीच भरलेला असे. हेच गाव निवडलं कारण साय इथंच जास्त. पोळ्याच्या दिवशी वेशीत बैलांची गर्दी, पिकअप आत जाणार नाही, म्हणून या गड्यानं आळस केला. तयार कॅन प्लांटला पोचवले. खरं दूध गर्दी ओसरल्यावर उचलू म्हणाला. रात्री गेला तर कुलूप. बाई भिऊन केंद्र बंद करून बसली, असं त्याला वाटलं. गावाची रीत विचारावी, एवढं वर्षभर येऊन-जाऊन त्याच्या मनात आलं नाही. त्याला त्या गावातलं फक्त फॅट दिसत होतं.

दुपारी पंचांसह शेडवर छापा घातला. साय काढायचं मशीन, तेलाचे पिपे, रंगवलेले कॅन आणि ते बंद सिमकार्ड, सगळं मिळालं. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी नमुने घेतले. गाडीवाला आणि मेहुणा अटक. पुढं कोर्टात दोघांनाही शिक्षा झाली.

पोलिसाच्या दृष्टीनं केस इथं संपते. माझी संपली नाही.

संध्याकाळी बाईंचा साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला गावात गेलो. सोबत मॅनेजर होते, त्यांचा चेहरा उतरला होता. जबाब झाला. मी म्हटलं, "तुमच्यावर आता काही नाही. तसं पत्र तुम्हाला मिळेल."

बाई म्हणाल्या, "साहेब, जीपमंधी बसली तवा साऱ्या गावानं पाह्यलं. झडती भर पोळ्यात म्हटली. आन् सुटका कागदावर? तो कागद मी कोणाकोणाले दाखवत फिरू?"

बाहेरून लेकरांचा गलका ऐकू येत होता. पाडव्याला आमच्याकडं तान्हा पोळा असतो, पोरं लाकडाचे बैल घेऊन त्याच तोरणाखाली जमतात आणि त्यांच्या मागं सारं गाव.

"चला," मी म्हटलं. "जीपमध्ये बसा. पुढं."

घरापासून तोरणापर्यंत अंतर ते काय, चालत गेलो असतो तरी चाललं असतं. पण आम्ही जीपनंच गेलो, हळूहळू, दिवसाउजेडी. बाई पुढच्या सीटवर, मी मागं हवालदाराशेजारी. गाव बघत राहिलं. तोरणाखाली जीप थांबवून मी खाली उतरलो आणि मोठ्यानं सांगितलं, की चोर सापडला आहे, तो गाडीवाला आहे, बाईंच्या दुधात कधीच काही नव्हतं, आणि काल तुम्ही वासरांना दूध पाजलं म्हणून तो सापडला. मग मॅनेजरना पुढं केलं. ते अडखळत, पण सगळ्यांसमोर, चुकलो म्हणाले. त्या पुणेरी माणसाबद्दल तेव्हा मला आदर वाटला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काल झडती म्हणणारा खाली मान घालून पोराच्या लाकडी बैलाची दोरी सारखी करत होता. मोठी जाऊ पुढं आली, जीपमधून उतरणाऱ्या धाकटीचा हात धरला आणि धरूनच ठेवला. तेवढ्यानं बाई रडल्या. घरझडतीत नाही, ठाण्यात नाही, झडतीत नाही, तिथं रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून कॅनला सील लागलं. जावेचं दूध केंद्रावर आलं तेव्हा बाईंनी आधी विचारलं म्हणे, म्हशीची दवाई बंद झाली का.

या केसनं मला तपासाबद्दल फार काही नवं शिकवलं नाही. लोकांच्या रीतीभाती माहीत असाव्यात, हे आमच्या हवालदारालाही ठाऊक होतं. शिकवलं ते वेगळं. आरोप आपोआप गावभर जातो, त्याला पोचवावं लागत नाही. निर्दोषपणा मात्र कुणीतरी पायपीट करून पोचवावा लागतो, आणि ते काम आमच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ते पाळलं. ज्याला जीपमध्ये बसताना लोकांनी पाहिलं आणि जो निर्दोष निघाला, त्याला मी दिवसाउजेडी, त्याच जीपमधून, त्याच्या दारापर्यंत सोडायला गेलो. डिझेलच्या हिशेबावरून दोन-तीनदा बोलणीही खाल्ली.

आता वर्ध्यात घरी असतो. दर पोळ्याला संध्याकाळी बाईंचा फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार-चमत्कार नाही.

"साहेब, केंद्र बंद हाये. आज कुठं आमच्या गावचं दूध दिसलं, त ते आमचं नाई. लिहून घेजा."

मी हो म्हणतो. ठाणं सुटलं, डायरी सुटली, पण ही एक नोंद मी अजून घेतो.